गेटचं वजन

बेळगावात अनगोळला घर बांधून दोन वर्षं झाली, तरी पुढचं गेट राहूनच गेलं होतं. मे महिन्यात ठरवलं, आता पावसाच्या आत हे काम उरकायचं. उद्यमबाग ही कारखान्यांची वसाहत जवळच असल्यामुळे आमच्या भागात वेल्डर शोधायला लांब जावं लागत नाही. शेजारच्या काकूंनी एक वर्कशॉप सुचवलं, त्या माणसानं घरी येऊन मापं घेतली. दहा फूट रुंद, पाच फूट उंच, दोन झडपांचं गेट. 40 बाय 40 एमएमच्या चौकोनी पाइपची चौकट, आत 12 एमएमच्या चौकोनी सळया, खाली दीड फूट पत्रा. भाव 120 रुपये किलो, रंग आणि बसवणं धरून. मी आठ हजार ॲडव्हान्स दिला आणि दहाव्या दिवशी गेट तयार झालं. काम चांगलं होतं, ते आधीच सांगते.

मी बघायला गेले तेव्हा त्यांनी वेल्डिंग रॉडच्या रिकाम्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून त्यावर पेनानं आकडा लिहून दिला : 138 किलो, 16,560 रुपये.

मी विचारलं, "वजन कुठं केलं?"

"वैनी, वजन काय करायचं? रोजचं काम हाय की आमचं. अंदाज चुकत नाही."

"मग एकदा काट्यावर ठेवूया."

"तुम्हाला आमच्यावर विश्वास नाही काय?"

इथंच सगळं अडलं. हिशेब मान्य असेल तर उद्या बसवतो, नाहीतर गेट इथंच राहील, असं त्यांनी सरळ सांगितलं. पुढचे एकोणीस दिवस गेट त्यांच्या दारात भिंतीला टेकून उभं होतं. मी फोन केला की "उद्या बघूया वैनी". प्रत्यक्ष गेले की मालक साइटवर, आणि हाताखालचा पोरगा कानडीतून एवढंच सांगायचा, "नाळे बर्री, अक्का", म्हणजे उद्या या, ताई. जूनची पहिली सर आली ती त्या उघड्या गेटवर. एकच हात रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा प्रायमर, मारलेला होता. दुसऱ्या दिवशी सांध्यांवर तांबूस ओघळ दिसले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घरात हे म्हणायचे, "चार हजारांसाठी किती दिवस घालवणार? दे सोडून." पण मला ते सोडता येईना. किलोवर भाव ठरवायचा आणि किलोच मोजायचे नाहीत, हा कुठला व्यवहार?

मग मी वहीत हिशेब मांडला. तो कुणालाही जमेल. भरीव चौकोनी सळईची रुंदी गुणिले जाडी, एमएममध्ये, गुणिले 0.00785, की एका मीटरचं वजन किलोत मिळतं. 12 एमएमची सळई म्हणजे मीटरला 1.13 किलो. (गोल सळई असेल तर व्यासाचा वर्ग भागिले 162.) माझ्या गेटात अशा सळया 42 मीटर होत्या, म्हणजे साडेसत्तेचाळीस किलो. दोन एमएम जाडीचा तो चौकोनी पाइप मीटरला साधारण 2.3 किलो भरतो, 15 मीटरचे झाले 35. दीड एमएमच्या वरचा, म्हणजे 16 गेजचा पत्रा चौरस मीटरला साडेबारा किलो, त्याचे सतरा-साडेसतरा. एकूण शंभर. त्यावर बिजागऱ्या, कडी आणि रॉडचा भराव. काही केल्या 138 होत नव्हते.

वही घेऊन गेले तर म्हणाले रंगाचं वजन असतंय. लिटरभर रंग ओला असताना सव्वा किलो भरेल, वाळल्यावर त्याहून कमी. मग म्हणाले, वेस्टेज. या मुद्द्यात तथ्य आहे, ते मी मान्य केलं. पाइप आणि सळई वीस फुटांची येते, कापताना तुकडे उरतातच. पण वेस्टेजचे पैसे मी द्यायचे असतील तर उरलेले तुकडे माझे. ते द्या, मी पैसे देते. तुकडे काही निघाले नाहीत.

शेवटी मी छोटा टेम्पो ठरवला आणि म्हटलं, भाडं माझं, तुम्ही फक्त सोबत चला. ट्रक तोलायच्या मोठ्या वे-ब्रिजवर मात्र जाऊ नका. तो पाच-दहा किलोंच्या टप्प्यानं आकडा दाखवतो, एवढ्या वजनाला त्याचा उपयोग नाही. आम्ही भंगारवाल्याकडच्या प्लॅटफॉर्म काट्यावर गेलो. दोघांनी उचलून एकेक झडप ठेवली. पहिली 51.6, दुसरी 52.9. एकूण एकशे साडेचार किलो. काट्यावरचा लाल आकडा स्थिरावेपर्यंत कुणीच काही बोललं नाही. नंतर ते हळूच म्हणाले, "अंदाज चुकला बघा, वैनी." 12,540 झाले. मी तिथल्या तिथं ॲडव्हान्स वजा करून 4,540 रुपये दिले. त्या क्षणी जो हलकेपणा वाटला तो अजून आठवतो.

म्हणून किलोवर काम देताना पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घ्या : वजन प्रायमरच्या आधी, आपल्यासमोर, काट्यावर. तेव्हाच उघड्या लोखंडावरचे सांधेही तपासता येतात. छोट्या हातोडीनं स्लॅगची, म्हणजे वेल्डिंगवर जमणाऱ्या मळीची, काळी खपली पाडून बघा. खाली टाचणीएवढी भोकं दिसली तर सांधा ग्राइंडरनं घासून पुन्हा मारायला लावा. बिजागरीला नुसते दोन टाके नकोत, चारी बाजूंनी वेल्डिंग हवं, सगळा भार तिच्यावरच असतो.

बसवायला दोन दिवस गेले. होल्डफास्ट, म्हणजे गेट धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, काँक्रीटमध्ये पक्के होईपर्यंत झडपा लटकवू नयेत, इथं मात्र घाई नको. ग्राइंडरच्या ठिणग्या फरशीत आणि खिडकीच्या काचेत रुततात. आमच्या एका काचेवर ते करडे ठिपके कायमचे राहिले. ओली पोती आधीच अंथरायला हवी होती. गल्लीतली पोरं वेल्डिंग बघायला जमतात, त्यांना लांब ठेवा. उघड्या डोळ्यांनी आर्क, म्हणजे वेल्डिंगचा तो झगझगीत उजेड, बघितला की त्या रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं टोचत राहतं.

आणि एक राहिलंच. चौकोनी पाइपची वरची तोंडं पत्र्यानं बंद करून घ्या आणि खालच्या आडव्या पाइपाला तळातून एक बारीक भोक पाडायला सांगा. आमच्या गेटाला ते मी नंतर पाडून घेतलं, तेव्हा आतून कपभर तांबडं पाणी वाहून आलं.