टॅपेट, हवा आणि एक काळी रिंग

बोटीच्या इंजिनाची सर्व्हिस यंदा स्वतः करायची ठरवली, तेव्हा तेल बदलणंच जड जाईल असं वाटलं होतं. ते सगळ्यांत सोपं निघालं. चेंबरच्या ड्रेन बोल्टपर्यंत हात पोहोचतच नाही, म्हणून दहा मिनिटं इंजिन चालवून तेल पातळ करायचं आणि डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने ओढून घ्यायचं. तेलाचा फिल्टर, बेल्ट, पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर, सगळं त्याच दुपारी उरकलं.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट (गॅप) जुळवणं, थंड इंजिनावर करायचं असतं, म्हणून ते दुसऱ्या दिवशी सकाळी. माझं इंजिन चार सिलिंडरचं, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह हलताना दिसले, म्हणजे एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिल्याचे टॅपेट सेट करायचे. मग अर्धा फेरा, की तिसऱ्याचे. फेरा पुलीच्या नटाला पाना लावून द्यायचा आणि इंजिन चालतं त्याच दिशेने. उलटा दिला तर इम्पेलरच्या पाकळ्या उलट्या मुडपतात.

इथे माझा तासभर फुकट गेला. पहिला सिलिंडर पुलीकडचा की फ्लायव्हीलकडचा? काही इंजिनांत इकडून मोजतात, काहींत तिकडून, आणि माझ्या मॅन्युअलचं नेमकं तेच पान तेलाने माखलेलं. शेवटी कागदावर मांडून बघितलं, तर उलट्या बाजूने आकडे दिले तरी क्रम तोच येतो आणि जोड्याही त्याच राहतात, एक-चार आणि दोन-तीन. एवढा वेळ उगाच डोकं खाल्लं.

गॅप ०.२० मिलिमीटर. फीलर गेजची पट्टी आत सरकावली की जराशी अडखळत, पण न वाकता सरकली पाहिजे. खरी गंमत लॉकनटची. गॅप ठरवणारा स्क्रू धरून नट आवळला की गॅप बदलतो, म्हणून आवळल्यावर पट्टी पुन्हा घालून बघायचीच. सात टॅपेट ठीक होते. तिसऱ्याच्या एक्झॉस्टमध्ये मात्र ०.१५ ची पट्टीसुद्धा जाईना. मला नवल वाटलं, कारण इंजिनाचा आवाज अगदी गोड होता. तिथेच फसायला होतं. सैल टॅपेट टिकटिक करून सांगतो, आवळलेला गप्प असतो. सीट, म्हणजे व्हॉल्व्ह बसायची जागा, झिजून व्हॉल्व्ह वर सरकत जातो, गॅप कमी होत जातो, आणि एक दिवस व्हॉल्व्ह नीट बसेनासा होऊन जळतो.

मग डिझेल फिल्टर. दोन्ही बदलले आणि डिझेलच्या नळ्यांत शिरलेली हवा काढायला बसलो. टाकीतून डिझेल ओढणाऱ्या लिफ्ट पंपाचा हातदांडा मारतोय तर त्यात जोरच नाही. आतला कॅम उंचीवर थांबला की असं होतं. क्रँक एक फेरा फिरवला आणि दांड्याला जोर आला. फिल्टरच्या ब्लीड स्क्रूतून आधी फेस, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. तसंच पुढे इंजेक्शन पंपावर. शेवटी सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या नळ्यांचे नट ढिले करून स्टार्टर मारला. त्याआधी सी-कॉक, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं बाहेरचं पाणी आत घ्यायचा व्हॉल्व्ह, बंद केला होता. इंजिन सुरू होत नसताना स्टार्टर मारत राहिलं, तर पाण्याचा पंप पाणी ढकलत राहतो, ते बाहेर फेकायला एक्झॉस्टचा जोर नसतो, सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं. इंजिन सुरू होताच सी-कॉक उघडला. एक्झॉस्टमधून पाणी येऊ लागलं. मी खूश.

पाच मिनिटांत इंजिन आचके देऊन बंद. पुन्हा हवा काढली, पुन्हा पाच मिनिटं. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर ज्यांच्याकडून थोडंफार शिकलो त्या मिस्त्रीकाकांना फोन केला.

“काका, हवा संपतच नाहीये. सगळे जोड कोरडे आहेत, थेंबभर गळती नाही.”

“अरे, पंपाच्या अलीकडे गळती दिसेल कशी? तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत ओढली जाते. कोरडं आहे तिथेच बघ.”

टाकी आणि पंप यांच्या मध्ये फक्त पाणी वेगळं करणारा फिल्टर आहे. तो खोलला, जोड घट्ट बसवणारी नवी रबरी रिंग काढली, ती छान होती. बोट फिरवलं तर खाचेत अजून काहीतरी लागलं. नख घालून उपसलं, तर जुनी रिंग! चपटी, कडक झालेली, काळ्या खाचेत काळी. मी तिच्यावरच नवी बसवली होती.

पुन्हा जोडणी, पुन्हा हवा, हातांना डिझेलचा वास. या वेळी इंजिन पाऊण तास चाललं, मीच बंद केलं. वहीत इंजिनाचे तास लिहिले, तिसऱ्याच्या एक्झॉस्टसमोर “१०० तासांनी पुन्हा बघणे” असं लिहिलं, आणि जुनी रिंग त्याच पानाला टाचणीने लावून टाकली.