डिजिटल फॉरेन्सिकसाठी मी शिक्षण आणि प्रमाणपत्रे कशी निवडली

बी.एस्सी. आयटीनंतर अंधेरीत डेस्कटॉप सपोर्टची नोकरी करत असताना मी डिजिटल फॉरेन्सिककडे, म्हणजे संगणक-मोबाइलमधील पुरावे न्यायालयात टिकतील अशा रीतीने तपासण्याच्या कामाकडे, वळायचे ठरवले, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो क्रमाचा. आधी पदव्युत्तर शिक्षण घ्यावे की आधी एखादे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र पदरात पाडून घ्यावे? खासगी क्लासमध्ये चौकशी केली की सीएचएफआय करा, हेच उत्तर मिळत असे. ईसी-कौन्सिल या संस्थेच्या, संगणकीय फॉरेन्सिक तपासनिसांसाठीच्या या परीक्षेत चार तासांत १५० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात, आणि या क्षेत्राचा आवाका समजण्यासाठी तिचा अभ्यासक्रम निश्चितच उपयोगी आहे. परंतु प्रत्यक्ष हार्ड डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) घेण्याचा सराव कधी करून घेणार, या माझ्या प्रश्नाला एका क्लासमध्ये शेवटपर्यंत सरळ उत्तर मिळाले नाही, म्हणून मी तेथे शुल्क भरले नाही.

माझ्या निवडीला दिशा मिळाली ती मावशीमुळे. ती किल्ला कोर्टात वकिली करते. निरनिराळ्या प्रमाणपत्रांची माहिती मी तिच्यापुढे ठेवली, तेव्हा ती म्हणाली, “अगं, उलटतपासणीत तुला सॉफ्टवेअरचं नाव कमी आणि पंचनाम्यापासून तुझ्या टेबलापर्यंत मुद्देमाल कुणाकुणाच्या हातांतून गेला, हेच जास्त विचारतील. आधी कायदा वाच.” तिच्या सांगण्यावरून मी सर्वोच्च न्यायालयाचा १४ जुलै २०२० चा, अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातील निकाल वाचला. वाद आपल्याच जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीचा होता आणि मुद्दा होता व्हिडिओ चित्रीकरणाच्या पुराव्याचा. मूळ साधन न्यायालयात हजर केले नसेल, तर पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचे प्रमाणपत्र आवश्यकच आहे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असून, त्याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो आणि त्यात हॅश मूल्य (डेटा बदललेला नाही हे ताडून पाहण्यासाठी त्या डेटावरूनच काढलेला अंक-अक्षरांचा संकेत) नमूद करायचे असते. ज्या कागदावर उद्या माझी सही असणार आहे, तो समजून घेतल्याशिवाय परीक्षांच्या मागे लागण्यात अर्थ नाही, हे मला तेव्हा पटले.

त्यानंतर अभ्यासक्रम निवडणे सोपे झाले, कारण तंत्र आणि कायदा दोन्ही एकत्र शिकवणारे पर्याय फार नव्हते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठातील दोन वर्षांची एम.एस्सी. सर्वांत सखोल वाटली, पण घर सोडणे मला शक्य नव्हते. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संशोधन संस्थेचा पदविका अभ्यासक्रम सुमारे सहा महिन्यांचा आणि पूर्णवेळ. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन प्रवेश मिळतो, आणि नेटवर्क सुरक्षेकडे ज्यांचा कल आहे त्यांनी तो अवश्य पाहावा. मी मात्र मादाम कामा रस्त्यावरील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत डिजिटल व सायबर फॉरेन्सिक आणि संबंधित कायद्याच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतला. शासकीय भरतीत पात्रता आधी पदवी-पदविकेवरून ठरते आणि कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेचा मार्ग मला बंद करायचा नव्हता, हेही त्यामागचे एक कारण होते.

अभ्यासक्रमाच्या जोडीने स्वतंत्र सराव हवा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. अमेरिकेतील एनआयएसटी या संस्थेने सरावासाठी काही इमेज खुल्या ठेवल्या आहेत. त्यांपैकी एक, हॅकिंगच्या काल्पनिक प्रकरणातील विंडोज एक्सपी असलेल्या डेल लॅपटॉपची आहे. मी ती ऑटोप्सी या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये उघडली. आधी इमेजचे हॅश मूल्य काढून दिलेल्या मूल्याशी अक्षरागणिक ताडून पाहिले, मग विंडोजच्या सेटिंग्ज जिथे साठतात त्या रजिस्ट्रीतून टाइम झोन शोधला, कारण तो निश्चित केल्याशिवाय पुढची कोणतीही वेळ अहवालात लिहिता येत नाही. हा लॅपटॉप संशयिताचाच कशावरून, हा त्यातला खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर नेटवर्क तपासणाऱ्या एका लहानशा प्रोग्रामच्या फोल्डरमधील आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये मिळाले. नोंदणीकृत मालक म्हणून संशयिताचे नाव आणि वापरकर्ता म्हणून ‘मिस्टर ईव्हिल’ हे टोपणनाव, अशा दोन्ही नोंदी त्या एकाच फाइलमध्ये होत्या. तो शोध मी फाइलचा पूर्ण मार्ग देऊन, दुसऱ्या तपासनिसाला त्याच पायऱ्यांनी तेथेच पोहोचता येईल अशा रीतीने लिहून काढला. असे लिहिण्याची सवयच पुढे मुलाखतीत कामी आली. लोअर परळमधील एका सल्लागार कंपनीने माझे सरावाचे अहवाल मागवून घेतले आणि त्यांवरच प्रश्न विचारले.

प्रमाणपत्राचा निर्णय मी नोकरी लागल्यावर घेतला, आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी तसेच करावे, असे मला मनापासून वाटते. जीआयएसी या संस्थेच्या जीसीएफई या विंडोज तपासणीच्या परीक्षेला पुस्तके उघडून बसता येते व तिचा दर्जा वादातीत आहे, परंतु तिच्या जोडीचे सॅन्स या संस्थेचे प्रशिक्षण लाखांच्या घरात जाते; नवख्या उमेदवाराने त्यासाठी कर्ज काढू नये. आमच्या कार्यालयात एनकेस हे तपासणीचे सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून मी त्याचेच एनसीई हे प्रमाणपत्र निवडले. त्यासाठी ६४ तासांचे मान्य प्रशिक्षण किंवा १२ महिन्यांचा कामाचा अनुभव लागतो. पहिला टप्पा लेखी असतो, तर दुसऱ्यात दिलेला पुरावा तपासून निष्कर्ष मांडावे लागतात. मी अनुभवाच्या अटीवर अर्ज केला आणि शुल्क कंपनीने भरले. जे सॉफ्टवेअर रोज हाताखाली असते, त्याच्या परीक्षेचा अभ्यास कामाबरोबरच होत गेला.

सध्या माझ्याकडे तपासणीसाठी लॅपटॉपपेक्षा मोबाइलच अधिक येतात. त्यांचे एन्क्रिप्शन आणि ॲपमधील डेटाबेस यांचे शास्त्र डिस्कपेक्षा वेगळे असल्याने यानंतर मोबाइल तपासणीची साधने बनवणाऱ्या सेलेब्राइट कंपनीच्या सीसीओ आणि सीसीपीए या प्रमाणपत्रांचे टप्पे करायचे ठरवले असून, प्रशिक्षणाच्या मंजुरीसाठी कार्यालयात अर्ज दिला आहे. तोवर एसक्यूलाइटच्या, म्हणजे अनेक ॲप आपला डेटा ज्यात साठवतात त्या डेटाबेसच्या, फाइली हाताने उघडून, हटवलेल्या नोंदी कोठे शिल्लक राहतात ते पाहत आहे.