यादीला आलेल्या बाई

आज लवकर झोप लागणार नाही हे दुपारीच कळलं होतं. म्हणून लिहून टाकते.

झालं काहीच नाही खरं तर. मतदार यादीच्या कामात मागच्या गल्लीतली घरं राहिली होती, ऊन चढायच्या आत उरकायची म्हणून साडेसातलाच निघाले. पाचवं की सहावं घर असेल. आजी ओट्यावर बसलेल्या, त्यांच्या सुनेचं नाव यादीत अजून माहेरच्या आडनावानं आहे म्हणून नमुना ८ भरून घेत होते. तेवढ्यात एक मुलगी आतून आली. माझ्या वर्गातली, आता चौथीत जाईल. मला बघितलं आणि तशीच आत पळाली, मला वाटलं लाजली. दोन मिनिटांनी परत आली ती दप्तर पाठीला लावून.

"बाई, शाळा भरली?"

आजी म्हणाल्या, "नाही गं, बाई यादीला आल्यात."

तरी ती माझ्याकडेच बघत राहिली, आजीला काय माहीत, बाई खरं सांगतील, अशी. मी म्हटलं, "हो गं, यादीचं काम आहे. शाळा जूनमध्ये." तिनं दप्तराचा एक पट्टा काढला, मग दुसरा काढला, दप्तर दाराच्या आत ठेवलं आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

एवढंच. पण पुढे जे झालं ते मला छळतंय. ॲप अडकलं. फोटो चढेना, ते गोल नुसतं फिरत राहिलं, आणि मी वीस मिनिटं त्या ओट्यावर फोन धरून बसले. वीस मिनिटं ती शेजारी होती, दप्तर हाताच्या अंतरावर होतं आणि मी तिला "काढ गं पुस्तक" एवढं म्हटलं नाही. सुचलंच नाही असं लिहिणार होते, पण सुचलं होतं. सुचलं आणि मनात आलं की आत्ता नको, अजून अकरा घरं आहेत. आणि अजून एक मनात आलं, ते लिहायला जड जातंय, की सुट्टी आहे ना माझी.

कुठली सुट्टी? १ मेला झेंडावंदन आणि निकाल. त्यानंतरचे तीन दिवस पोर्टलवर माहिती भरण्यात गेले, कारण एका रकान्यात शून्य टाकलं की पूर्ण फॉर्म परत येत होता. मग प्रशिक्षण. मग यादी. कोण वारलं, कोण स्थलांतरित झालं, कोणाला अठरा पूर्ण झाली, कोणाचा फोटो ओळखू येत नाही. या महिन्यात मी किती दिवस घरी होते ते मोजायला बसले आणि मोजणं सोडून दिलं. वरच्या मजल्यावरच्या काकू काल जिन्यात म्हणाल्या, बरं आहे बाई तुमचं, दीड महिना निवांत. हसले मी. आईचा परवा परत फोन आला होता, या वेळी तरी येतेस ना म्हणून. ते आज नाही लिहीत.

आमच्या गटावर सगळ्यांना नियम पाठ आहेत, मलाही आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७, शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही, फक्त दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून. आता यादीचं काम म्हणजे निवडणुकीचंच काम का, यावर मी स्वतः तासतास वाद घातलाय. पण २००७ चा सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आहे ना, मतदार याद्या आणि शिक्षकांबद्दलचा, त्याचा अर्धा भाग आम्ही सांगतो आणि अर्धा भाग ऑफिसवाले सांगतात. आम्ही म्हणतो, बघा, शाळेच्या दिवशी शिकवण्याच्या वेळेत सहसा हे काम देऊ नका असं कोर्टानं म्हटलंय. ते म्हणतात, बघा, सुट्टीच्या दिवशी द्या असं कोर्टानं म्हटलंय. दोन्ही खरं आहे, एकाच निकालात आहे. आणि सगळ्यात वाईट म्हणजे मला तो निकाल पटतो. वर्ग बुडू नये म्हणूनच दिलाय तो. तासाच्या मधे उठून घरोघर जाण्यापेक्षा सुट्टीत जावं, यात चूक काय काढणार? पण मग त्याचा अर्थ असा झाला की शाळेबाहेरचं जे जे काम असेल ते ठेवायला हाच एक महिना, आणि या महिन्यात मुलांसाठी तेवढं काही करायचं नाही.

मार्चमध्ये आम्ही तहसीलला निवेदन दिलं, त्याचा मसुदा माझा होता. "विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होत आहे" हे वाक्य माझंच. तिथले साहेब वाचून म्हणाले होते, मॅडम, मे महिन्यात कुठले विद्यार्थी? तेव्हा इतका राग आला होता, आणि उत्तर सुचलं नव्हतं. आज सकाळी ते उत्तर माझ्या शेजारी ओट्यावर बसलं होतं आणि मी फोन बघत होते.

ती कुठे अडकलीय हे मला नेमकं माहितीये. जोडाक्षरात. साधं वाचते, काना मात्रा वेलांटी जमतं, पण 'कष्ट' आलं की थांबते, 'पत्र' आलं की माझ्याकडे बघते. मार्च एप्रिलमध्ये रोज दहा मिनिटं वेगळी घेत होते तिला, तेव्हा कुठे 'त्र' आणि 'क्ष' बसले होते. तिसरी संपेपर्यंत मूल समजून वाचायला लागलं पाहिजे हे सरकारच्या 'निपुण भारत' योजनेचं ध्येय, २०२६-२७ पर्यंत सगळ्या मुलांचं, भिंतीवर रंगवलंय आम्ही. तिचं अगदी उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि वर्ष संपलं.

एका प्रशिक्षणात सांगितलं होतं, अमेरिकेतल्या हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुट्टीत मुलं किती विसरतात यावरचे ३९ अभ्यास एकत्र केले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं सरासरी महिनाभर मागे जातात असं निघालं, गणितात जास्त, आणि वाचनात गरीब घरातली मुलं मागे जातात तर बऱ्या घरातली जागेवर राहतात किंवा थोडी पुढेच जातात. तेव्हा मी वहीत लिहून घेतलं आणि शेजारच्या मॅडमना म्हटलं, हे सांगायला अमेरिका कशाला, माझा जूनमधला वर्ग दाखवते. दर जूनला तेच. ज्यांच्या घरी वाचायला काहीतरी असतं ती मुलं तशीच येतात, बाकीच्यांना परत मुळाक्षरांच्या आसपास जाऊन आणावं लागतं. तिच्या घरात मी आज बसले होते, वाचण्यासारखं छापील म्हणजे भिंतीवर एक कॅलेंडर दिसलं. आणि माझ्या हातातल्या याद्या.

मग घ्यायचे का वर्ग सुट्टीत? दुपारभर हेच डोक्यात. घ्यावेत असं वाटतं आणि लगेच भीती वाटते. मी चार मुलं गोळा करून झाडाखाली बसले की कोणीतरी फोटो काढणार, तो आमच्या केंद्रातल्या शाळांच्या गटावर जाणार, त्याला 'उपक्रम' म्हणणार, अभिनंदनाची रांग लागणार, आणि पुढच्या मेमध्ये सगळ्यांना पत्र येणार की सर्व शाळांनी हा उपक्रम राबवून अहवाल सादर करावा. मनानं केलेलं काम पुढच्या वर्षी सक्तीचं झालेलं मी पाहिलंय. आमच्या केंद्रात एका मॅडमचं बाळ आठ महिन्यांचं आहे, एक सर वर्षातून एकदाच, मे महिन्यातच, आईवडिलांकडे जाऊ शकतात. माझ्या चांगुलपणाची किंमत त्यांनी का द्यायची? आणि माझं तरी काय, एप्रिलअखेर माझा आवाज जातो, तिसरी चौथी एकत्र, दिवसभर दोन फळ्यांमध्ये फिरायचं. कायद्यात पाचवीपर्यंत वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन लिहिलंय, आठवड्याला ४५ तास तयारी धरून. त्या ८०० तासांत मधली सुट्टी, पोषण आहाराच्या नोंदी, दाखले, पालकांची भांडणं काही मोजलेलं नाही. दमतो माणूस. दमलेली बाई मुलांवर ओरडते, मी ओरडलेय. त्यामुळे शिक्षकांनी सुट्टीत काम करावं का असं मला कोणी विचारलं तर मी आजही नाहीच म्हणेन, ठाम. दीर्घ सुट्टी मिळते म्हणून तर आम्हाला बाकीच्या कर्मचाऱ्यांसारखी वर्षाला ३० दिवसांची अर्जित रजा नाही. सुट्टीत कामाला लावलं तर त्या प्रमाणात रजा जमा व्हायला हवी, त्याच्या नोंदीसाठी मी गेल्या वर्षीपासून अर्ज करतेय. जाऊ दे, तो विषय वेगळा.

पण नाही म्हणते आणि परत ते दप्तर डोळ्यासमोर येतं.

संध्याकाळी भांडी आवरताना एक गोष्ट लक्षात आली, त्यानंतर जरा शांत वाटतंय. सकाळी मला राग त्या यादीचा नव्हता आलेला. महिना पूर्ण माझ्या हातात असता ना, तर मी त्यातला रोजचा अर्धा तास त्या पोरीला आनंदानं दिला असता, खरंच दिला असता, कोणी न सांगता. पण महिना आधीच वाटून टाकलेला, थोडा याला थोडा त्याला, आणि जे दोन चार तास उरतात ते मी मुठीत घट्ट धरून बसलेय की हे तरी माझे राहू देत. त्या मुठीमुळे "काढ पुस्तक" तोंडातून निघालं नाही. मी वाईट बाई आहे म्हणून नाही. हे मला स्वतःलाच सांगावं लागतंय, तीनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

यादी काही सुटणार नाही, पुढच्या वर्षीही नाही. कोणीतरी दारोदार जायलाच हवं, आणि गावात कोणाचं घर कुठलं, कोण कोणाची सून, हे आमच्याइतकं कोणाला माहीत असतं? निवेदन परत देऊ, मसुदा परत मीच लिहीन, यावेळी ते वाक्य जरा नीट लिहीन.

आठ वाजता सरांना फोन केला, कपाटाची किल्ली त्यांच्याकडे आहे. "सुट्टीत पुस्तकं कशाला हो मॅडम?" म्हणाले. काय सांगायचं कळेना, म्हटलं दोनच पाहिजेत, गोष्टींची, मोठ्या अक्षरातली. मग तेही थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, किल्ली सकाळी ऑफिसच्या खिडकीत ठेवतो. गटावर टाकू नका म्हटलं, ते म्हणाले, काय टाकू नका? बरं.

त्या गल्लीत अजून तीन घरं आहेत आणि आजींच्या सुनेची सही राहिलीय. ॲप अडकणारच आहे, नऊनंतर अडकतंच. मराठीच्या पुस्तकात आम्ही कुठल्या पानावर थांबलो होतो ते काही केल्या आठवत नाहीये. तिला माहीत असेल.