भाट्याची वाळू, तिथीचा हिशेब आणि आमची मधुमेही मंडळी: महिना चौथा

जानेवारीत रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर आम्ही चालायला सुरुवात केली तेव्हा मामा 12 मिनिटांत दमून बसायचे. परवा ते सुरूबनापासून झरी विनायकापर्यंत गेले, हात जोडले आणि परतही आले. 40 मिनिटं लागली, मध्ये एकदाच टेकले. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ती एचबीएवनसी तपासणी 8.9 वरून 7.8 वर आली आहे. गोळ्या चालूच आहेत, त्यामुळे सगळं श्रेय चालण्याला देत नाही. पण रिपोर्ट घेऊन ते आमच्या ओटीवर आले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

आता आम्ही सहा जण आहोत. त्यातल्या चौघांना मधुमेह आहे, दोघी सोबतीला. आठवड्याला 150 मिनिटं भरायची आणि सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा होऊ द्यायचा नाही, एवढंच ठरलेलं आहे. खाड्याचा नियम मी सगळ्यांना कारणासकट सांगते. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर थेट ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची वाट बघत नाहीत. शिवाय नंतर एक-दोन दिवस शरीर इन्सुलिनला जास्त चांगली साथ देतं. मग तो परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी एकदम दोन तास चालून आठवडाभर झोपाळ्यावर बसण्यापेक्षा रोजचा अर्धा तास भारी पडतो.

वेळ मात्र घड्याळावर ठरवून चालत नाही. पहिल्या महिन्यात मी रोज सकाळी सहा म्हटलं आणि तिथेच चुकले. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सहाला ओहोटी असते, वाळू सिमेंटसारखी घट्ट. अष्टमीला त्याच वेळी पाणी चढलेलं, आणि वरच्या भुसभुशीत वाळूत घोटा रुतायला लागला की गुडघेदुखीवाले दुसऱ्या दिवशी येतच नाहीत. आजोबांचा हिशेब कामाला आला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे सहा, चतुर्थी म्हणजे तीन. त्यापुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. आता मी दिनदर्शिकेवर पेन्सिलीने वेळा लिहून ठेवते आणि आदल्या रात्री फोन करते. भरती असेल त्या दिवशी वाळूवर न जाता रस्त्याने चालतो.

त्याच दिनदर्शिकेने मला दुसरी गोष्ट शिकवली, आणि ती भीतीने शिकले. संकष्टी होती. पाणी ओसरत होतं, संध्याकाळी साडेपाचला आम्ही निघालो. मामांनी उपास धरला होता, दुपारी नुसतं ताक घेतलं होतं, आणि ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतलेली. ही गोळी पोटात अन्न असो-नसो इन्सुलिन सोडायला लावते. वाऱ्यात गारवा असूनही त्यांच्या कपाळावर घाम आला. मी विचारलं तर एरवी मृदू बोलणारा माणूस खेकसला, “अगो, काही झालं नाही मला, चल तू!” ते खेकसणंच मला खटकलं. बोट टोचलं, ग्लुकोमीटरवर 62. सत्तरच्या खाली म्हणजे थांबायचंच. माझ्या पिशवीत साखरेची पुडी असते, त्यातली तीन चमचे पाण्यात विरघळवून दिली. कोणीतरी पेढा पुढे केला, तो मी नको म्हटलं, कारण त्यातल्या खव्याच्या स्निग्धतेमुळे साखर रक्तात सावकाश उतरते. 15 मिनिटं मोजून पुन्हा तपासलं, 91. मग घरी नेऊन जेवायला बसवलं. चंद्रोदयाची वाट बघितली नाही, मामीनेही काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. उपासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते त्यांनी लिहून दिलं. मात्रा आपल्या मनाने कमी-जास्त करू नका, हे इथल्या प्रत्येकाला कळकळीने सांगते. आता संकष्टी-एकादशीवर मी लाल खूण करते आणि इन्सुलिन किंवा अशी गोळी घेणाऱ्यांची साखर निघण्यापूर्वी बघते. 90 च्या खाली असेल तर आधी थोडं खायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्यांना हा धोका फारसा नसतो. एकादशीची अडचण उलटी. साबुदाणा आणि रताळ्यांनी साखर चढते, म्हणून त्या दिवशी फराळानंतर लगेच 15 मिनिटं अंगणात फेऱ्या.

पायांबद्दल. आपल्याकडे वाळू लागली की चपला हातात घ्यायच्या, ही लहानपणापासूनची सवय. शेजारच्या काकूंना 18 वर्षांचा मधुमेह आहे. मार्चमध्ये त्यांच्या मागून चालताना ओल्या वाळूतल्या त्यांच्या ठशांकडे माझं लक्ष गेलं. डाव्या टाचेच्या प्रत्येक ठशात एक गुलाबी ठिपका. लाट आली की पुसायचा, पुढच्या पावलाला पुन्हा उमटायचा. कालवाच्या शिंपलीची कपची टाचेत शिरली होती, आणि काकू नातवाच्या मुंजीबद्दल बोलत होत्या. जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालेले, त्यामुळे त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. बाटलीतल्या पाण्याने धुतलं, स्वच्छ रुमाल बांधला, तशाच दवाखान्यात गेलो. जखम भरायला पाच आठवडे लागले आणि तोवर त्यांचं चालणं बंद. त्या दिवसांत मी त्यांच्याकडे जाऊन खुर्चीवरून उठ-बस आणि पाण्याच्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम करून घेत होते. तो आता आम्ही सगळेच आठवड्यातून दोनदा करतो, स्नायूंची ताकद वाढली तर साखरेलाही उपयोग होतो.

तेव्हापासून अनवाणी कोणी नाही. घालण्याआधी बूट उलटा करून झटकायचा, आत वाळूचा कण राहू द्यायचा नाही. घरी गेल्यावर तळवे बघायचे, वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून. बुटांना खारं पाणी लागतं अशी तक्रार होती, म्हणून प्रत्येकाने एक जुना जोड वाळूसाठी ठेवला आहे.

पुढची काळजी पावसाची. जूनमध्ये समुद्र खवळला की किनारा सोडावाच लागेल, आणि शेवाळलेल्या पाखाड्यांवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटांवर, मी कोणाला नेणार नाही. देवळाच्या सभामंडपात फेऱ्या मारायची परवानगी मिळाली आहे. मालवण-दापोलीकडे पावसात तुम्ही लोकांना कसं टिकवता ते जरूर लिहा.

उद्या सप्तमी. सव्वापाचला भरती, म्हणून सहाला सुरूबनाच्या रस्त्याने. काकू परत येणार आहेत, पहिल्या दिवशी फक्त 10 मिनिटं.