तक्रार नाही, रिपोर्ट

साताऱ्यातील एका खासगी रुग्णालयात मी नर्सिंग असिस्टंट आहे आणि आमच्या वॉर्डात माजी सैनिक बरेच दाखल होतात, एवढे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांपासून कऱ्हाडच्या एसटीत शेजारी बसलेल्या प्रवाशापर्यंत सगळे तेच विचारतात : "फौजी माणसांची सेवा करतेस, म्हणजे लढाईच्या गोष्टी रोज ऐकायला मिळत असतील ना?" परवा तुम्हीही तेच विचारलंत आणि मी दारात उभ्या उभ्या "नाही हो, फारशा नाही" असे सांगून वेळ मारून नेली. ते उत्तर खरे होते, पण अपुरे होते. ज्या माणसाला "पाठ दुखते" एवढे दोन शब्द बोलायला तीन दिवस लागतात, तो लढाईबद्दल काय बोलणार? त्यांनी न सांगितलेले ओळखणे हेच माझे निम्मे काम आहे, आणि ते मला प्रशिक्षणात नव्हे, तर माझ्याच एका चुकीतून कळले.

आपल्या जिल्ह्यात ही माणसे किती, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. अपशिंगे गावाच्या नावाला 'मिलिटरी' हा शब्द कायमचा चिकटला आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. आमच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेक जण बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेले असतात. एप्रिल २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू झाली. कार्ड घेऊन पॉलिक्लिनिकमध्ये जायचे आणि तिथून रेफरल मिळाले की योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात दाखल व्हायचे, हा त्यांचा नेहमीचा मार्ग. १९७१ चे युद्ध पाहिलेले आता पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत, श्रीलंकेत शांतिसेनेबरोबर गेलेले त्यांच्याहून लहान, आणि कारगिलच्या वेळचे जवान आता साखर आणि रक्तदाब घेऊन येऊ लागले आहेत.

माझे पद सगळ्यांत खालचे. सुई, सलाइन आणि औषधे ही स्टाफ नर्सची जबाबदारी. ताप, नाडी, बीपी पाहून तक्त्यावर लिहिणे, अंग पुसणे, दाढी करून देणे, भरवणे, बेडपॅन देणे, लघवीची पिशवी मोजून रिकामी करणे आणि ज्याला हलता येत नाही त्याची दर दोन तासांनी कूस बदलणे, हे माझे काम. कूस बदलताना माकडहाड, टाचा, खुबे नीट पाहायचे असतात. लालसर डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर तो फिका पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, पण दाबूनही लालच राहिला तर आतली कातडी मरू लागली आहे असे समजून लगेच नर्सला बोलवायचे. त्या एका डागाकडे दुर्लक्ष झाले तर चार दिवसांत तिथे खड्डा पडू शकतो आणि तो भरायला महिने लागतात.

चूक झाली ती नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात. खटाव तालुक्यातील एक निवृत्त हवालदार खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर आमच्याकडे होते आणि त्यांना लघवीची नळी घातलेली होती. सकाळी मी विचारले, "आबा, काही त्रास?" ते म्हणाले, "काय न्हाई, बरं हाय." अकरा वाजता पुन्हा विचारले, तेव्हाही तेच उत्तर. तक्त्यावर मी 'तक्रार नाही' असे लिहिले. मोठ्या माणसाला तासाला निदान ३० मिलिलिटर लघवी व्हावी लागते, हे मला पाठ होते. पण पिशवी तळाशीच आहे याकडे माझे लक्ष गेले नाही, कारण मी त्यांच्या शब्दावर विसंबले होते. दुपारी दीडच्या सुमारास चादर बदलताना त्यांचे ओटीपोट मडक्यासारखे तटतटलेले दिसले. कपाळावर घाम होता, दोन्ही मुठी पलंगाच्या कडेला आवळलेल्या होत्या आणि चेहऱ्यावर मात्र रेघही हलत नव्हती. नळी त्यांच्याच मांडीखाली मुडपली होती. नर्सला हाक मारून आम्ही ती सरळ केली, तेव्हा पिशवी डोळ्यांसमोर भरत गेली आणि बघता बघता सातशेच्या रेषेपाशी आली. आबांनी डोळे मिटले. "सांगितलं का नाही हो आबा?" असे मी रडवेल्या आवाजात विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुमचीबी धावपळ चाललीया की सकाळपासनं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या वयस्कर सिस्टरांनी, ज्यांचे वडील स्वतः फौजेत होते, मला बाजूला घेऊन समजावले. फौजेत दुखणे सांगायचे म्हणजे सिक रिपोर्ट करायचा, आणि एकाने सिक रिपोर्ट केला की त्याची रात्रीची ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात पडते. वीस-बावीस वर्षे अशी काढलेल्या माणसाला दुखणे सांगणे म्हणजे सोबत्यावर ओझे टाकणे वाटते. तेव्हा त्रास होतो का, असे विचारलेस तर ते नाहीच म्हणणार. तू रिपोर्ट माग.

मी तसे केले. संध्याकाळी पलंगाच्या पायथ्याशी सरळ उभी राहून म्हटले, "हवालदार साहेब, दुपारपासूनचा रिपोर्ट द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिले, मान उशीवर थोडी सरळ केली आणि सांगू लागले : तीन वाजता जाग आली, डाव्या बाजूला टाके ओढतात, उजव्या टाचेला आग होते, पाणी दोन पेले, जेवण अर्धे. एकही शब्द फालतू नव्हता. टाच पाहिली तर तो लाल डाग होता, नुकताच धरलेला. तक्रार करणे त्यांना कमीपणाचे वाटत होते, पण रिपोर्ट ही त्यांची ड्युटी होती आणि ड्युटीत त्यांनी कधी खोटे सांगितलेले नव्हते.

प्रत्येकाची अडचण मात्र वेगळी असते. तोफखान्यातून आलेल्यांच्या कानांवर तोफांनी कायमचा घाला घातलेला असतो. त्यांना बारीक, चढा आवाज सगळ्यांत कमी ऐकू येतो, म्हणून आम्ही मुली ओरडून बोललो तर उलट काहीच कळत नाही. समोर उभे राहून, ओठ दिसतील असे, आवाज खाली आणून सावकाश बोलावे लागते. झोपलेल्याला खांद्याला हात लावून उठवायचे नाही, पायथ्याशी उभे राहून हुद्द्यासह हाक मारायची, हेही मी शिकले. अचानक स्पर्श झाल्यावर एकाचा हात माझ्या मनगटावर असा बसला होता की नंतर तेच दिवसभर माझी क्षमा मागत राहिले.

आणि लाज. नातीच्या वयाच्या मुलीने अंग पुसावे, हे सुभेदार म्हणून साठ-सत्तर माणसांना शिस्त लावलेल्या माणसाला किती जड जात असेल, याचा विचार आपण करत नाही. म्हणून पडदा पूर्ण ओढल्याशिवाय मी चादरीला हात लावत नाही, आणि तोंड, छाती, जिथे त्यांचा हात पोचतो तिथे ओला टॉवेल त्यांच्याच हातात देते. वेळ दुप्पट लागतो, पण तो मी देते. डॉक्टरांच्या राउंडआधी दाढी झालीच पाहिजे, असा बहुतेकांचा आग्रह असतो. त्यासाठी मी सकाळी वीस मिनिटे लवकर येते.

तुम्हाला गोष्ट हवी होती. एकच सांगते, कारण मला एकच सांगितली गेली. बर्फाळ चौकीवर राहिलेले एक आजोबा मधुमेहामुळे आले होते; पायांची संवेदना गेलेली, चपलेने पडलेला फोड त्यांना आठवडाभर कळलाच नव्हता. मी खाली बसून कोमट पाण्याने पाय धुतले आणि बोटांच्या बेचक्या एकेक कोरड्या करत होते. बराच वेळ ते बघत राहिले, मग म्हणाले, "वर बर्फात रोज सांजच्याला आमचं साहेब असंच बसायचं. एकेकाचं मोजं काढून पाय बघायचं. बोट काळं पडलं का बघायचं. आपल्याला कळत न्हाई, दुसऱ्यानंच बघावं लागतं." लढाईचे काही त्यांनी सांगितले नाही. मी टॉवेल पिळून घेत होते, तोवर त्यांनी न सांगता दुसरा पाय पुढे केला.