क्योतोतले पहिले दिवस: आधी पत्ता, मग बाकी सगळं

सप्टेंबरच्या अखेरीस मी पुण्याहून क्योतोला आले, क्योतो विद्यापीठाच्या कृषी शाखेत मास्टर्स करायला. जपानी विद्यापीठांची सत्रं एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात. पुढच्या सत्राला निघणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. विचारणारे बहुतेक जण थंडी आणि जेवण यांबद्दलच विचारतात. ते पुढे येईलच. पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात महत्त्वाचं असतं ते कुठलं काम कशाच्या आधी करायचं हे. रहिवासी कार्डावर पत्ता नसेल तर फोन मिळत नाही, फोन नंबर नसेल तर बँकेत खातं उघडायला अडचण, आणि खातं नसेल तर शिष्यवृत्ती जमा कुठे होणार? हा क्रम डोक्यात पक्का असला की निम्मी धावपळ वाचते.

मी मुंबईहून बँकॉकमार्गे कानसाई विमानतळावर उतरले. निघण्याआधी ‘व्हिजिट जपान वेब’ या जपान सरकारच्या संकेतस्थळावर माहिती भरून क्यूआर कोड घेऊन ठेवा आणि त्याचा स्क्रीनशॉट फोनमध्ये असू द्या. इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट आणि सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी (व्हिसासाठी आधी मिळालेलं पात्रतेचं प्रमाणपत्र) दिलं की तिथल्या तिथे रहिवासी कार्ड, म्हणजे झाइर्यू कार्ड, छापून हातात मिळतं. अर्धवेळ कामाच्या परवानगीचा अर्जही त्याच खिडकीवर द्या. पानभराचा फॉर्म असतो, घरूनच छापून, भरून आणा. परवानगीचा शिक्का कार्डाच्या मागे बसतो आणि आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येतं. लगेच काम करायचं नसलं तरी हा अर्ज द्याच, कारण नंतर त्यासाठी इमिग्रेशन ऑफिसला खेपा घालाव्या लागतात. आणि हे कार्ड कायम जवळ बाळगायचं, तसा कायदाच आहे.

क्योतोला यायला ‘हारुका’ गाडी आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो. तिची सवलतीची तिकिटं इंटरनेटवर दिसतात, पण ती पर्यटक म्हणून आलेल्यांसाठी आहेत, विद्यार्थी व्हिसावाल्यांना चालत नाहीत. दोन मोठ्या बॅगा असतील तर त्यातली एक विमानतळावरूनच ताक्क्युबिनने, म्हणजे घरपोच कुरिअरने, पाठवून द्या. दोन-तीन हजार येन जातात आणि बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी वसतिगृहात पोहोचते. क्योतोच्या सिटी बसमध्ये मोठी बॅग घेऊन चढणं स्वतःलाही जड जातं आणि इतरांनाही. त्या पाठवायच्या बॅगेत पहिल्या रात्रीचे कपडे, औषधं आणि कागदपत्रं मात्र टाकू नका.

येण्याचा वारही विचार करून निवडा. पत्ता नोंदवायचं वॉर्ड ऑफिस, म्हणजे महापालिकेचं विभाग कार्यालय, शनिवार-रविवारी बंद असतं आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सार्वजनिक सुट्ट्या येतात. एप्रिलमध्ये येणाऱ्यांना महिनाअखेरीच्या गोल्डन वीकच्या, म्हणजे लागोपाठच्या सुट्ट्यांच्या, आत कामं उरकावी लागतात. सोमवार-मंगळवारी उतरलात तर अख्खा आठवडा हाताशी राहतो.

आता वॉर्ड ऑफिस. राहायची जागा मिळाल्यापासून १४ दिवसांत तिथे पत्ता नोंदवावा लागतो. विद्यापीठाच्या आसपास राहणाऱ्यांचं ऑफिस म्हणजे साक्यो वॉर्ड ऑफिस, मात्सुगासाकीला, भुयारी रेल्वेच्या स्टेशनजवळ. सकाळी उघडताना जा. आत शिरल्यावर क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची, फॉर्म भरायचा आणि नंबर पुकारला की खिडकीवर जायचं. माझ्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्मवरची प्रत्येक ओळ पासपोर्टाशी बोट ठेवून ताडून पाहिली, वडिलांच्या नावाशी थांबल्या, फोनवर कुणाशी तरी बोलल्या आणि मग मला कागदावर दोन पर्याय लिहून दाखवले. आपल्याकडे पासपोर्टात स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव लागलेलं असतं, त्यामुळे नाव चांगलंच लांब होतं आणि जपानी फॉर्मचे चौकोन संपून जातात. म्हणून येण्याआधीच एखाद्या जपानी शिक्षकाकडून आपलं पूर्ण नाव काताकाना लिपीत लिहून घ्या. वॉर्ड ऑफिस, बँक, फोन, विद्यापीठ, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच लिहा. एका ठिकाणी दीर्घ आणि दुसरीकडे ऱ्हस्व झालं तरी बँकेत पैसे अडकू शकतात. पुण्यात जपानी शिकवणारे इतके जण आहेत की हे काम तासाभरात होईल.

नोंदणी झाली की कार्डाच्या पाठीमागे पत्ता उमटतो. लगेच निघू नका. त्याच इमारतीत आरोग्य विमा आणि पेन्शन यांच्या खिडक्या असतात, तीही कामं त्याच दिवशी उरका. राष्ट्रीय आरोग्य विमा विद्यार्थ्यांनाही सक्तीचा आहे. त्यात दवाखान्याच्या बिलातले ३० टक्के आपण भरायचे. आदल्या वर्षी जपानमध्ये उत्पन्न नसेल तर तसं लिहून द्या, हप्ता बराच कमी बसतो. विम्याचं जुनं कार्ड डिसेंबर २०२४ पासून देणं बंद झालं आहे. त्याऐवजी मिळणारा कागद जपून ठेवा, दवाखान्यात तोच दाखवायचा.

पेन्शनचं प्रकरण आपल्या मुलांना सहसा माहीतच नसतं. वय २० पूर्ण असेल तर राष्ट्रीय पेन्शनमध्ये नाव जातंच आणि २०२५ च्या आर्थिक वर्षात तिचा हप्ता महिन्याला १७,५१० येन होता. विद्यार्थ्याला तो परवडणारा नाही. त्यासाठी विद्यार्थी सवलतीचा अर्ज असतो, ‘गाकुसेइ नोफु तोकुरेइ’ एवढं म्हटलं की खिडकीवर कळतं. ओळखपत्राची प्रत जोडावी लागते, म्हणून विद्यापीठाचं ओळखपत्र आधी मिळालं असेल तर बरं. सवलत दरवर्षी नव्याने मागावी लागते. अर्ज न करता हप्त्याच्या नोटिसांची पाकिटं टेबलावर साठवत बसू नका.

फोनच्या बाबतीत एका दुकानात मला भारतीय क्रेडिट कार्ड चालणार नाही असं सांगून परत पाठवलं. हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. बिल कन्व्हीनियन्स स्टोअरमध्ये रोख भरायची सोय देणाऱ्या कंपन्या आहेत, सुरुवातीला त्यातली एखादी घ्या आणि खातं उघडल्यावर हवी तर बदला. तोवर विमानतळावरचं डेटा सिम किंवा ई-सिम पुरतं. बँकेसाठी बहुतेक परदेशी विद्यार्थी टपाल कार्यालयांतून चालणाऱ्या युचो बँकेकडे वळतात. मुक्कामाला सहा महिने होईपर्यंत परदेशी पैसे पाठवण्या-मागवण्यावर बंधनं असतात. म्हणून पहिल्या दीड महिन्याचा खर्च सोबतच आणा. वसतिगृहात राहणार असाल तर माझ्या अंदाजाने दीड लाख येन हाताशी असावेत, भाड्याचं घर घेणार असाल तर त्याच्या दुप्पट. भारतीय कार्डावर रोख काढायला सेव्हन-इलेव्हनमधली एटीएम सगळ्यात भरवशाची.

स्वयंपाकघराबद्दल मात्र सविस्तर सांगते. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची आहे. आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तो इथे धड फिरणारसुद्धा नाही. मिक्सर, इस्त्री, इलेक्ट्रिक कुकर यातलं काहीही आणू नका. फोन आणि लॅपटॉपचे चार्जर चालतात, फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर हवा. प्रेशर कुकर जरूर आणा, पण आधी वसतिगृहाला ईमेल करून विचारा, शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची. इंडक्शन असेल तर साधा अ‍ॅल्युमिनियमचा कुकर निरुपयोगी, तळाशी इंडक्शनची सोय असलेला स्टीलचा घ्या. तीन लिटरचा एकट्याला पुष्कळ होतो.

गोडा मसाला, हिंग, हळद, लाल तिखट, मेतकूट एवढं आणलं की घरची चव सुटत नाही. ताजा कढीपत्ता, फळं आणि भाज्या आणू नका, वनस्पती तपासणीचं प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर काढून घेतात. मांसाचे पदार्थही चालत नाहीत. औषधांबाबत नियम कडक आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं महिनाभराची आणता येतात, त्याहून जास्त हवी असतील तर आधी परवानगी काढावी लागते. कोडीन किंवा स्यूडोएफेड्रीन असलेली खोकल्याची आणि सर्दीची औषधं आपल्याकडे सर्रास मिळतात, पण ती इथे ठरावीक प्रमाणापलीकडे चालत नाहीत. बॅगेत टाकण्याआधी प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचा.

शाकाहारी असाल तर मांस नको एवढं सांगून भागत नाही. इथल्या सुप, सॉस आणि भाज्यांच्या मुळाशी दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेलं पाणी, असते आणि ती बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाची. वरून शुद्ध भाजी दिसणाऱ्या वाटीतही ती असते. ‘निकु मो साकाना मो दाशी मो ताबेरारेमासेन’ (मांस, मासे, दाशी काहीच चालत नाही) हे वाक्य पाठ करा आणि ते जपानीत लिहिलेला कागद पाकिटात ठेवा. विद्यापीठाच्या सहकारी कॅन्टीनमध्ये पदार्थासमोर घटक लिहिलेले असतात, ही मोठीच सोय आहे. दुकानात फोनचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर वाचायची सवय लावा, साध्या पावातही कधी कधी डुकराची चरबी असते. घरी शिजवणाऱ्यांसाठी ‘ग्योमु सुपर’ ही स्वस्त दुकानांची साखळी आहे, तिथे गोठवलेल्या भाज्या, छोले, मसाले मिळतात. तूरडाळ आणि कणीक भारतीय दुकानांतून ऑनलाइन मागवता येते. बाजारातल्या साध्या दह्याचं विरजण लावलं की घरचं दही छान लागतं. तांदळाने मात्र २०२५ मध्ये कहर केला, वसंतात पाच किलोची सरासरी किंमत ४,००० येनच्या वर गेली. संध्याकाळी उशिरा सुपरमार्केटमध्ये उरलेल्या मालावर निम्म्या किमतीची चिठ्ठी लागते, विद्यार्थी त्याच वेळी बाजार करतात.

मग येतो कचरा. क्योतोत जाळायच्या कचऱ्यासाठी महापालिकेची पिवळी पिशवी लागते, लिटरला एक येन असा तिचा दर आहे. बाटल्या-डबे आणि प्लास्टिक यांची पिशवी पारदर्शक. ठरलेल्या वारी सकाळी आठच्या आत कोपऱ्यावर, कावळ्यांनी उकरू नये म्हणून टाकलेल्या जाळीखाली ठेवायची. दुसऱ्या पिशवीत टाकलेला कचरा उचलला जात नाही, तिथेच राहतो आणि शेजाऱ्यांना त्रास होतो. वसतिगृहातलं वारांचं वेळापत्रक पहिल्याच दिवशी मागून घ्या.

प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून ओळख करून द्यावी लागते. नाव, गाव, विषय आणि शेवटी ‘योरोशिकु ओनेगाइ शिमासु’, एवढं पुरतं. सोबत खाऊ आणा, पण एकेकाला देता येईल असा सुटा बांधलेला. बाकरवडीची छोटी पाकिटं उत्तम, घटक जपानीत लिहून शेजारी चिकटवा, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं कुणी असू शकतं. मी पाकिटं खाऊच्या टेबलावर ठेवली आणि संध्याकाळपर्यंत तीन जण येऊन, हे कशाचं करतात, असं विचारून गेले. प्राध्यापकांना ‘सेन्सेइ’, बाकी सगळ्यांना ‘सान’. शंका असेल तर थेट सेन्सेइंकडे न जाता ट्यूटर किंवा सेन्पाइ, म्हणजे वरच्या वर्गातला विद्यार्थी, यांना आधी विचारा. विचारलेलं इथे कुणाला खटकत नाही.

क्योतो हे सायकलचं शहर आहे. सिटी बसचं भाडं २३० येन, मागून चढायचं आणि उतरताना पुढे पैसे द्यायचे. पण रोजच्या जाण्या-येण्याला सायकलच हवी. जुनी घेतलीत तरी चोरीप्रतिबंधक नोंदणी स्वतःच्या नावावर करून घ्या, नाहीतर पोलिसांनी थांबवलं की पंचाईत. इथे सायकलचा विमा सक्तीचा आहे. छत्री धरून, डबलसीट किंवा फोन हातात घेऊन चालवणं चालत नाही. फोनसाठीची शिक्षा नोव्हेंबर २०२४ पासून चांगलीच कडक झाली. रस्त्याच्या कडेला लावलेली सायकल उचलून नेतात.

हे सगळं होईस्तोवर ऑक्टोबर लागलेला असतो आणि गल्ल्यागल्ल्यांतून किन्मोकुसेइ या फुलझाडाचा वास येतो. झाडाखाली केशरी फुलांचा खच, आपल्याकडच्या प्राजक्तासारखा. त्या दिवसांत एकदा देमाचियानागीला, दोन नद्या मिळतात तिथे, दगडांवरून कामो नदी ओलांडून या. दर महिन्याच्या १५ तारखेला विद्यापीठाजवळच्या ह्याकुमानबेन चौकातल्या चिओन्-जी देवळात हस्तकलेचा बाजार भरतो, तोही चुकवू नका. एकटेपणा वाटला तर केआगे स्टेशनजवळ ‘कोकोका’ हे शहराचं आंतरराष्ट्रीय केंद्र आहे. तिथे परदेशी लोकांना मोफत सल्ला मिळतो, जपानीचे वर्गही चालतात. मला तिथली माणसं फार आवडली.

थंडीचं म्हणाल तर खोल्या पातळ भिंतींच्या असतात, त्यामुळे आतच जास्त गारठा जाणवतो. जाड जॅकेट पुण्याहून आणायची गरज नाही, इथे चांगलं मिळतं. थर्मल, लोकरीचे मोजे आणि एक चादर आणा. आणि वसतिगृहाची मुदत सहसा सहा महिने ते वर्षभराचीच असते. घरं बदलायची गर्दी मार्चमध्ये होते, तेव्हा खोली जानेवारीपासूनच शोधायला लागा. हमी देणारी कंपनी, अनामत, घरमालकाला द्यायचे परत न मिळणारे पैसे, हे सगळं धरून तीन-चार महिन्यांचं भाडं आधीच बाजूला काढावं लागतं. भाड्याच्या खोलीत दिवा आणि शेगडीसुद्धा नसते. गॅस सुरू करायला माणूस येतो तेव्हा घरी थांबावं लागतं, त्याची वेळ आधी ठरवून घ्या. नव्या घरात गेल्यावरही १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसला जाऊन कार्डाच्या मागचा पत्ता बदलून घ्यायचा.