फळ्यावरचा आकडा

१३ जुलै २०२०, सोमवार

कोरोनामुळे गुरुवारी मध्यरात्रीपासून पुन्हा सगळं बंद. सोलापूर शहर आणि लगतची काही गावं, २६ तारखेपर्यंत. जूनमध्ये जरा कुठे दुकानांची शटरं वर गेली होती. बातमी कळली तेव्हा आम्ही वृद्धाश्रमाच्या व्हरांड्यात खुर्च्या लांब लांब टाकून बसलो होतो. पाच मिनिटांत दोन तट पडले.

सिस्टर म्हणाल्या, हे आधीच करायला हवं होतं. त्यांची सगळी नोकरी सिव्हिलमध्ये, म्हणजे सरकारी दवाखान्यात गेली, वॉर्ड भरला म्हणजे काय होतं हे त्यांना कुणी सांगायला नको. अण्णा कापड मिलमधले. ते उसळलेच. "सिस्टर, तुमी आपल्या जागी बरोबर हाय. पन एकदा पूर्व भागात जाऊन बगा. मार्चपासून मागाचा आवाज नाही तिकडं. मानसं कशावर जगायची?" टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या टपालकाकांनी महागाई भत्त्याचा विषय काढला. केंद्राने एप्रिलमध्ये भत्त्याची वाढ थेट जुलै २०२१ पर्यंत गोठवली, त्याची सल त्यांच्या मनातून जात नाही. मास्तर काही बोलले नाहीत. त्यांच्या मुलीचं घर पाच्छा पेठेजवळ आहे.

जेवणघराबाहेरच्या फळ्यावर पूर्वी भजनाची वेळ असायची, डॉक्टर कधी येणार ते असायचं. आता तिथे रोज रात्री टपालकाका कोरोनाचा आकडा लिहितात. शहरातला पहिला रुग्ण १२ एप्रिलला पाच्छा पेठेतच कळला, तोही तो दगावल्यावर. तेव्हापासून हा नेम सुटलेला नाही. सकाळी चहाला येणारा प्रत्येक जण आधी फळ्यासमोर थांबतो. वाढला असेल तर सिस्टरांचा दिवस, उतरला असेल तर अण्णांचा. गेले तीन महिने आमचं असंच चाललं आहे, आणि मला ते आता सहन होईनासं झालं आहे.

१७ जुलै, शुक्रवार

बँकेत तपासणीचं काम केल्यामुळे एक सवय लागली आहे. आकडा समोर आला की तो कशातून आला हे आधी विचारायचं. आज दुपारी मी ते सगळं व्हरांड्यात बोलले. मनात ठेवून झोप लागत नव्हती.

पहिली गोष्ट म्हणजे आमच्याकडे रोज दोन अहवाल येतात. एक महापालिकेचा, शहराचा. दुसरा ग्रामीणचा, त्यात बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट सगळे तालुके. टपालकाका कधी एक लिहितात, कधी दोन्हींची बेरीज. मग काल वाढला, आज उतरला, यावर भांडण करायचं ते कशाच्या जोरावर?

दुसरी गोष्ट तपासण्यांची. या बंदच्या काळात घरोघर जाऊन, वस्त्यांमध्ये शिबिरं लावून अँटिजेन चाचण्या करणार आहेत. नाकातला नमुना घेऊन अर्ध्या तासात निकाल. चाचण्या वाढल्या की रुग्णही जास्त सापडणार. म्हणजे येत्या आठवड्यात फळ्यावरचा आकडा चढेल, आणि अण्णा म्हणतील, बगा, बंद करून काय उपयोग झाला? तो चढलेला आकडा बंदचं अपयश ठरत नाही. लोक आधीपासून आजारी होते, फक्त आता मोजले जात आहेत. आणि पुढे मृत्यूचा दर खाली आला तर सिस्टरांनीही लगेच हायसं वाटून घेऊ नये. भागाकारात खालची संख्या वाढली की दर उतरतोच, गेलेली माणसं तेवढीच असतात.

सिस्टरांनी यात एक भर घातली, ती मला माहीत नव्हती. अँटिजेन चाचणीत पॉझिटिव्ह आलं तर ते बहुतेक खरं धरायचं. निगेटिव्ह आलं आणि ताप-खोकला असेल तर मात्र त्यावर विसंबायचं नाही, स्वॅब प्रयोगशाळेत पाठवायचा. मास्तरांनी ते दोनदा विचारून घेतलं आणि मुलीला फोन करायला आत गेले.

मृत्यूंबद्दल बोलताना माझा आवाज चढला. राज्यात आजवर अडीच लाखांवर रुग्ण आणि दहा हजारांवर मृत्यू, म्हणजे शंभरामागे चार. आपल्या शहरात हे प्रमाण त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. इतकं का? प्रशासन म्हणतं लोक उशिरा दवाखान्यात येतात, आधीचे मधुमेह-रक्तदाब असतात. ते खरं असेल. पण लोक उशिरा का येतात? एका खोलीत सात माणसं राहत असतील आणि कमावता एकच असेल, तर विलगीकरणात नेतील या भीतीने तो माणूस ताप अंगावर काढतो. अण्णांचा मुद्दा आणि सिस्टरांचा मुद्दा तिथे एकच होतो. हे मी त्या दोघांना सांगितलं. दोघांनाही ते फारसं आवडलं नाही.

आणि ते चाळीस मृत्यू! जूनमध्ये एका दिवशी महापालिकेने आधी नोंदच न झालेले चाळीस मृत्यू आकड्यात मिळवले. त्या आठवड्यांत आम्ही इथे बसून "सोलापूर सावरतंय" असं म्हणत होतो. चाळीस घरांत तेव्हा सुतक चालू होतं. बँकेत हिशेबाची तेरीज (एकूण बेरीज) जुळत नाही म्हणून रात्री उशिरापर्यंत पावत्या काढून बसण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. माणसांच्या नोंदी अशा मागाहून येतात हे मी अजून पचवू शकलेली नाही.

२० जुलै, सोमवार

आज दिव्यांची आवस. स्वयंपाकाच्या मावशींनी सकाळी सगळे दिवे, समया घासून मांडल्या, कणकेचे गोड दिवे केले. उद्यापासून श्रावण.

मावशींबद्दल लिहायचं बरेच दिवस राहून जात होतं. बंद सुरू होण्याआधी व्यवस्थापनाने त्यांना विचारलं, २६ तारखेपर्यंत इथेच राहाल का, रोज ये-जा नको, म्हाताऱ्या माणसांना धोका नको. त्या राहिल्या. कोठीघरात गादी टाकून झोपतात. घर नीलम नगरकडे, तिथे नवरा, दोन मुलं आणि सासू.

आज दुपारी त्यांच्याबरोबर शेंगा निवडत बसले आणि विचारत गेले. सासू विड्या वळतात. लहानपणापासून वळत आल्या आहेत. पान भिजवायचं, कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, दिवसाला हजारभर करून कारखान्यात द्यायच्या आणि दुसऱ्या दिवसाचं पान-तंबाखू घेऊन यायचं. मार्चअखेरीला कारखाने बंद झाले. अशा हजारो बायका या शहरात आहेत, आणि बहुतेकींचं घर या हजाराच्या हिशेबावर चालतं. मधे काम थोडं सुरू झालं, आता पुन्हा बंद. नवरा शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात शिलाईवर. सोलापूरचे गणवेश कुठे कुठे जातात, पण ते शिवायचे दिवस उन्हाळ्याचे. यंदा जूनमध्ये शाळाच उघडल्या नाहीत, तर गणवेश घेणार कोण? मधे थोडे मास्क शिवले, तेवढंच. जनधन खात्यात महिन्याला पाचशे आले, तेही एप्रिल ते जून तीनच महिने. रेशनचा मोफत तांदूळ नोव्हेंबरपर्यंत मिळणार आहे. "तांदूळ हाय ओ ताई," मावशी म्हणाल्या, "तेलाचं, गॅसचं काय?"

म्हणजे त्या घरात आज पैसा येतो तो फक्त मावशींच्या पगाराचा. आणि त्यासाठी त्या मुलांना सोडून इथे कोठीघरात झोपतात, का, तर आम्हाला लागण होऊ नये.

संध्याकाळी अण्णा एकटेच बसले होते, त्यांना हे सांगितलं. ते बराच वेळ मिलबद्दल बोलत राहिले. सोलापुरात १८७७ साली पहिली मिल निघाली, जुनी मिल. तेव्हापासून तेलंगणातून, मराठवाड्यातून, कर्नाटकातून माणूस कामाला येत राहिला. अण्णांचे आजोबा असेच आले. नव्वदच्या दशकात अण्णांची मिल बंद पडली तेव्हा ते साच्यावर, म्हणजे मागावर होते. "साथ आली नव्हती, कुनी मेलं नव्हतं, म्हनून कुनी आकडा लिवला नाही," ते म्हणाले. मग सांगू लागले, खात्यातला कोण रिक्षा चालवायला लागला, कोणाच्या पोरी शाळेतून काढून विड्यांना बसवल्या, कोण दारूत गेला, कोणी विहीर जवळ केली. त्यांच्या खात्यातली नावं त्यांना अजून पाठ आहेत. त्यांना स्वतःला आज पेन्शनचे हजार रुपये मिळतात, इथला खर्च पुण्याचा मुलगा भरतो.

अण्णा बंदला विरोध का करतात हे मला आज नीट कळलं. काम गेलेल्या घरात पुढे काय काय होतं, ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे.

२३ जुलै, गुरुवार

आकडा चढला. अपेक्षित होतं. टपालकाकांनी या वेळी शहर आणि ग्रामीण वेगळं लिहिलं, शेजारी चाचण्यांची संख्याही लिहिली. तरी वाद झाला, पण वेगळा. चाचण्यांत शंभरामागे किती सापडले हे मास्तरांनी तिथेच तोंडी काढलं आणि मग कालच्याशी ताडून पाहिलं. मृत्यूंचं मात्र लगेच काही ठरवता येत नाही. आज लागण झालेला माणूस अत्यवस्थ व्हायला दोन-तीन आठवडे जातात. या बंदचा काही उपयोग झाला का, ते ऑगस्टच्या मध्यावर दिसेल.

२६ जुलै, रविवार

काल नागपंचमी झाली, मावशींनी पुरणाची दिंडं केली. आज बंदचा शेवटचा दिवस, आणि आम्ही बैठक घेतली. मीच लावून धरली होती.

मी आधी आमचेच हिशेब मांडले. व्याज उतरलं आहे, ते मलाही लागतं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिलपासून ८.६ टक्क्यांवरून ७.४ वर आला. पंधरा लाखांची कमाल ठेव धरली तर वर्षाला अठरा हजार कमी, महिन्याला दीड हजार. तेही एप्रिलनंतर ज्याने खातं उघडलं त्याला. जुन्या खात्यांना जुनाच दर आहे, आणि इथे बहुतेकांची खाती जुनी आहेत. बँकेतल्या ठेवी जसजशा मुदत संपून नव्याने ठेवाव्या लागतील तसतशी झळ बसेल. टपालकाकांचा भत्ता वाढायचा थांबला आहे, पण पेन्शन एक तारखेला खात्यात जमा होते. मार्चपासून आमच्यातल्या एकाचंही ताट रिकामं राहिलेलं नाही. अण्णांना वगळून मी हे बोलते आहे असं मी स्पष्ट म्हटलं, तर अण्णा म्हणाले, "मलाबी धरा. पोरगा भरतो म्हनून काय झालं, जेवतो तर मी."

शहर बंद ठेवायचं की उघडायचं हे आमच्या हातात नाही. ज्यांच्या जिवासाठी हा बंद आहे असं सगळीकडे सांगितलं जातं, ते आम्ही आहोत. साठीच्या पुढचे, दुखणी असलेले. आमच्या नावाने ज्यांचं काम थांबतं त्यांच्यातली काही माणसं रोज आमच्यासमोर असतात. मावशी, झाडलोट करणारी बाई, रात्रीचा वॉचमन, इस्त्रीवाला, दाराशी भाजी आणणारी. त्यांच्यापुरतं तरी आम्ही देणं लागतो, हे मला म्हणायचं होतं आणि मी ते म्हटलं.

टपालकाकांचा आधी विरोध होता. मदतनिधीला एक दिवसाची पेन्शन दिली आहे, आणखी किती द्यायचं? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण सिस्टर म्हणाल्या, "झाडणाऱ्या बाईला ताप आला आणि पगार कापला जाईल म्हणून ती तशीच कामावर आली, तर आपण कितीही हात धुतले तरी काय?" त्यावर काका गप्प झाले.

ठरलं ते असं. बंदच्या दिवसांचा पगार कुणाचाही कापला जाणार नाही. आजारी पडून किंवा विलगीकरणामुळे कुणी घरी राहिलं तरी पगार चालू. यासाठी प्रत्येकाने महिन्याला पाचशे रुपये वेगळे काढायचे, ज्याला जमणार नाही त्याने सांगायचं, कुणी कारण विचारायचं नाही. इस्त्रीवाल्याला आणि भाजीवालीला महिन्याचा किराणा. हिशेब मी ठेवायचा आणि दर महिन्याला फळ्यावर लावायचा. मावशींना उद्यापासून आठवडाभर भरपगारी रजा. तेवढे दिवस स्वयंपाक आम्ही बायका आणि मास्तर मिळून करू. मास्तरांना भाकरी येते हे आजच समजलं.

सिस्टरांचं अजूनही मत आहे की बंद आणखी आठवडाभर वाढवायला हवा होता. अण्णांचं मत आहे की तो करायलाच नको होता. बैठक संपल्यावरही दोघं तिथेच बसून होते. माझं मत सिस्टरांच्या बाजूला थोडं झुकतं, सिव्हिलमधल्या खाटा भरल्या आहेत तोवर. पण आता अण्णा काय म्हणतात ते मला आधी ऐकून घ्यावंसं वाटतं.

उद्या सकाळी मावशींना सोडायला रिक्षा सांगितली आहे. सासूबाईंच्या कारखान्याचं काम कधी सुरू होणार ते त्या विचारून कळवणार आहेत. तोवर त्यांच्या घरचं तेल आणि गॅस आमच्या वहीत धरायचं, हे बैठकीत राहून गेलं होतं. रात्री जेवताना सगळ्यांना विचारून तेही लिहून घेतलं.